नाताळला घरात आजारपण आणि दारात पिल्लू : आणावे की थांबावे?

मोहननगरची_लेक | २३ डिसेंबर, रात्री ९.५०

नमस्कार मंडळी. दरवर्षी या दिवसांत मी इथे करंज्यांच्या सारणाविषयी काहीतरी विचारत असते. या वर्षीचा प्रश्न निराळा आहे आणि उत्तर लवकर हवे आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

माझे बाबा ७४ वर्षांचे आहेत. ते रेल्वेत गार्ड होते. आई, बाबा आणि मी असे तिघे नागपुरात मोहननगरला राहतो. बाबांना १२ वर्षांपासून मधुमेह आहे. या महिन्याच्या पहिल्या आठवड्यात त्यांना न्यूमोनिया झाला, नऊ दिवस रुग्णालयात काढून ते १७ तारखेला घरी आले. ताप गेला आहे, पण अंगणातून फाटकापर्यंत गेले तरी दम लागतो आणि रात्री खोकला उठतो.

नाशिकहून दादा, वहिनी आणि त्यांची दोन मुले काल रात्री समृद्धी महामार्गाने आली. आल्या आल्या धाकटा पुतण्या आजोबांच्या गळ्यात पडला आणि आज सकाळी त्यालाच १०२ ताप भरला. घसाही दुखतो आहे. डॉक्टरांनी फ्लूची शक्यता सांगितली आहे.

यात भर अशी की ऑक्टोबरात, बाबा ठणठणीत असताना, आम्ही एक देशी पिल्लू घरी आणायचे ठरवले होते. बजाजनगरच्या एक बाई रस्त्यावर सापडलेली पिल्ले आपल्या घरी सांभाळतात, त्यांच्याकडे ते आहे. वय सुमारे चार महिने. त्या बाई २८ तारखेला मुलीकडे कायमच्या राहायला जात आहेत, त्यामुळे २७ पर्यंत पिल्लू न्यायलाच हवे.

आईचे म्हणणे असे की एका वेळी एकच पाहुणा सांभाळता येतो आणि इथे तर पाच झाले. दादाच्या कुटुंबाचे काय करावे आणि पिल्लाचे काय करावे, असे दोन प्रश्न आहेत. कृपया अनुभव सांगा.

---

तर्री_पोहे | २३ डिसेंबर, रात्री १०.०२

पाचांपैकी करंज्या न खाणारा एकच आहे. माझे मत त्याच्या बाजूने.

---

खामल्याचा_डॉक्टर | २३ डिसेंबर, रात्री १०.२०

पिल्लाचा विचार उद्या करता येईल, बाबांचा आजच करा. फ्लूचा विषाणू शरीरात शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत साधारण एक ते चार दिवस जातात, आणि आजारी माणसाकडून तो लक्षणे दिसण्याच्या एक दिवस आधीपासूनच पसरू लागतो. याचा अर्थ काल रात्री मुलगा गळ्यात पडला तेव्हाच बाबांचा संपर्क झालेला आहे, असे धरून चाला. नुकताच न्यूमोनिया झालेला, मधुमेह असलेला आणि सत्तरी ओलांडलेला माणूस हा अशा वेळी सर्वाधिक जपण्याचा असतो.

त्यांच्या उपचार करणाऱ्या डॉक्टरांना आता, रात्र झाली असली तरी, फोन करून हे सांगा. संपर्कानंतर ४८ तासांच्या आत प्रतिबंधक म्हणून ओसेल्टामिव्हिर हे फ्लूवरचे औषध देता येते; द्यायचे की नाही आणि किती, हे मूत्रपिंडाचे अहवाल पाहून त्यांनीच ठरवायचे. दुकानातून स्वतः आणून देऊ नका. मुलाला आणि त्याच्याबरोबर झोपणाऱ्यांना आजच वेगळ्या घरी हलवता आले तर उत्तम. २७ तारखेपर्यंत बाबांना ताप आला नाही, तर या प्रसंगातून ते सुटले असे समजायला हरकत नाही.

जाता जाता : यंदा त्यांनी फ्लूची लस घेतली होती का?

---

मोहननगरची_लेक | २३ डिसेंबर, रात्री ११.१५

डॉक्टरांना फोन केला. त्यांनी औषध लिहून दिले आणि सदरच्या दुकानातून दादाने ते आणले. लस घ्यायची राहून गेली, आणि ती मीच "पुढच्या आठवड्यात जाऊ" म्हणत लांबवली होती. वहिनीचे माहेर कामठीला आहे. ती मुलांना घेऊन आत्ताच तिकडे गेली. निघताना बाबा फाटकाजवळ आले नाहीत, खिडकीतून हात केला.

---

लिंबोळी | २४ डिसेंबर, सकाळी ७.३०

मी स्पष्ट लिहिते, राग मानू नये. आजारी माणसाच्या घरात पिल्लू आणणे ही हौस आहे आणि ती हौस घरातली बाईमाणसे निस्तरतात. माझ्या सासूबाईंच्या शस्त्रक्रियेनंतर दहाव्या दिवशी माझ्या नवऱ्याने "त्यांना सोबत होईल" म्हणून पिल्लू आणले. सोबत कुणाला झाली ते मला ठाऊक नाही, पण महिनाभर पहाटे चार वाजता फरशी मी पुसत होते, आणि सासूबाई एकदा त्या ओल्या फरशीवर घसरता घसरता वाचल्या. तुमच्या आईंचे वय तुम्ही लिहिलेले नाही. बाबांचे दुखणे इतक्या बारकाईने लिहिले आणि आईंचे एक वाक्य लिहिले, यावरून काम कोणाकडे जाणार याचा अंदाज येतो.

---

सीताबर्डीचा_किल्लेदार | २४ डिसेंबर, सकाळी ८.१०

लिंबोळीताईंशी मी सहमत आहे, कारण मात्र वेगळे. नाताळ आणि पिल्लू ही जोडीच धोक्याची. ब्रिटनमध्ये नाताळची भेट म्हणून कुत्री देण्याची इतकी लाट होती आणि सुट्टी संपल्यावर ती इतक्या संख्येने टाकून दिली जात, की १९७८ मध्ये तिथल्या नॅशनल कॅनाइन डिफेन्स लीगने "कुत्रा आयुष्यभरासाठी असतो, नुसता नाताळापुरता नसतो" अशी मोहीम काढली. तीच संस्था पुढे डॉग्ज ट्रस्ट या नावाने ओळखली जाऊ लागली. आपल्याकडे नाताळऐवजी वाढदिवस असतो, एवढाच फरक.

---

मोहननगरची_लेक | २४ डिसेंबर, सकाळी ८.४५

किल्लेदार, पिल्लू ही भेट नाही. ते ऑक्टोबरपासून ठरलेले आहे आणि तारीख बाईंच्या जाण्यामुळे नाताळात आली आहे. लिंबोळीताई, तुमचे वाक्य मला लागले, आणि बरोबर ठिकाणी लागले. आई ६९ वर्षांची आहे आणि तिचे गुडघे दुखतात. पहाटेचे काम माझे, असे मी तिला आज सकाळी लिहून दिले आहे. तिने तो कागद फ्रिजवर लावला.

---

निवृत्त_पशुवैद्य | २४ डिसेंबर, सकाळी १०.३०

मी सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकलो. ते महाविद्यालय १९५८ सालचे आहे. मी तितका जुना नाही, पण जवळपास पोचलो आहे. दोन्ही बाजू वाचल्या. आणावे की नाही हे तुम्ही ठरवा. आणणारच असाल, तर मधुमेही आणि अशक्त माणसाच्या घरी काय पाहावे लागते तेवढे सांगतो, कारण पिल्लू आणण्याच्या गडबडीत ते कोणी सांगत नाही.

पहिली गोष्ट पायांची. चार महिन्यांच्या पिल्लाचे दुधाचे दात पडून पक्के दात येत असतात, त्यामुळे ते समोर दिसेल ते चावते, आणि त्याच्या उंचीवर माणसाचे पायच असतात. १२ वर्षांच्या मधुमेहात तळपायाची संवेदना कमी झालेली असू शकते. बोटाला दात लागला तरी कळत नाही, आणि संध्याकाळी मोज्यावर रक्त दिसते. बाबांनी घरातसुद्धा पुढून बंद चपला वापराव्यात आणि रोज रात्री कोणीतरी त्यांचे तळवे पाहावेत. दात किंवा नख लागलेच तर जखम साबणाच्या वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुऊन त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचे. पिल्लाला लस दिलेली आहे म्हणून हा भाग टाळायचा नाही.

दुसरी गोष्ट रात्रीची. अशक्त माणूस अंधारात उठतो आणि पिल्लू पायात येते. लिंबोळीताईंच्या सासूबाईंची घसरण्याची कथा मी अनेक घरांतून ऐकली आहे. पिल्लाच्या पट्ट्याला घुंगरू बांधा आणि रात्री ते बाबांच्या खोलीत नको.

तिसरी गोष्ट तुमच्या फराळाची. ज्या डब्यात केक आहे तो उंच ठेवा. बेदाणे आणि मनुका यांनी कुत्र्याचे मूत्रपिंड निकामी होऊ शकते, आणि किती खाल्ल्यावर होते याचा भरवशाचा हिशेब नाही. चॉकलेटातले थिओब्रोमाइन कुत्र्याला पचत नाही. मधुमेहाच्या घरात आणखी एक वस्तू हमखास असते, ती म्हणजे बिनसाखरेच्या गोळ्या किंवा च्युइंगम. त्यात झायलिटॉल हा साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ असेल तर कुत्र्याची रक्तशर्करा अर्ध्या तासात कोसळू शकते. बाबांच्या खिशात काय असते ते पाहून ठेवा.

लसपत्रक तपासा. पार्व्हो आणि डिस्टेंपर या कुत्र्यांच्या जीवघेण्या आजारांवरच्या लसींच्या मात्रा सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होऊन सोळाव्या आठवड्यापर्यंत तीन-चार आठवड्यांच्या अंतराने द्यायच्या असतात आणि रेबीजची लस तीन महिने झाल्यावर. यातली शेवटची मात्रा राहिली असेल, तर ती होईपर्यंत रस्त्यावरच्या कुत्र्यांची घाण हुंगायला नेऊ नका.

---

तर्री_पोहे | २४ डिसेंबर, सकाळी १०.४१

नाताळात घुंगरू बांधलेले पिल्लू. सांताक्लॉजची गाडी तेवढी राहिली.

---

काटोलचा_बागायतदार | २४ डिसेंबर, दुपारी १.१५

आमच्या संत्र्याच्या बागेत घर आहे, माणसे आहेत आणि दोन शांत कुत्री आहेत. पिल्लाला पंधरा दिवस माझ्याकडे ठेवा, बाबांना बरे वाटले की घेऊन जा. एक पैसा नको. मात्र थंडीची सोय पिल्लासाठी करून द्या. २९ डिसेंबर २०१८ ला नागपूरचा पारा ३.५ अंशांवर उतरला होता, तेव्हा आमच्या गोठ्यात शेकोटीजवळ वासरे आणि कुत्री एकत्र झोपली होती.

---

निवृत्त_पशुवैद्य | २४ डिसेंबर, दुपारी २.००

बागायतदारांचे मन मोठे आहे, पण सल्ला मी लगेच मान्य करणार नाही. पिल्लू एका घरातून उठून दुसऱ्या घरी जाते तेव्हा पहिले दोन-तीन दिवस ते खात नाही, कोपऱ्यात बसते आणि रात्री रडते. पंधरा दिवसांत ते तुमच्या माणसांना आपले मानेल आणि मग पुन्हा हेच सगळे मोहननगरात सुरू होईल. शिवाय बागेत गोचीड असते आणि गोचीडतापाने आलेली कितीतरी कुत्री मी पाहिली आहेत. तथापि बाबांना २७ पर्यंत ताप आलाच, तर दोन वेळा हलणे पत्करून पिल्लू काटोललाच जावे. त्या परिस्थितीत ते कमी वाईट.

---

माहेर_नागपूर_सासर_पुणे | २४ डिसेंबर, दुपारी ३.२०

सगळे पिल्लाबद्दल बोलत आहेत, म्हणून मी वहिनीबद्दल लिहिते. नाशिकहून इतका लांबचा प्रवास करून आलेल्या सुनेला पहिल्या रात्रीनंतर मुले घेऊन घराबाहेर पडावे लागले. निर्णय शंभर टक्के योग्य होता. तरी मी एकदा अशीच बाहेर पडले आहे. माझ्या मुलीला कांजिण्या होत्या, भावजय गरोदर होती, आणि मी दिवाळीत माहेरच्या दारातून परत फिरले. दहा वर्षे झाली, कारण मला पटलेले आहे, आणि तरीही दार आठवते. वहिनीला आज फोन करा आणि बाबांना तिच्याशी बोलायला लावा. मुलाला तर मुळीच वाटू देऊ नका की त्याच्यामुळे आजोबांचे काही झाले.

---

मोहननगरची_लेक | २६ डिसेंबर, रात्री ९.००

उशिरा लिहिते आहे, क्षमस्व. बाबांना अजून ताप नाही. पुतण्याचा ताप काल दुपारी उतरला.

२४ च्या रात्री ऑल सेंट्स कॅथेड्रलच्या उपासनेला मी आणि दादा गेलो. बाबा गायकवृंदात खालच्या पट्टीत गातात; या वर्षी त्यांची जागा रिकामी ठेवली होती आणि मी त्या दिशेला फारसे पाहिले नाही. नाताळच्या दिवशी दुपारी अंगणात उन्हात खुर्च्या मांडल्या. बाबा शाल घेऊन नाताळसाठी टांगलेल्या ताऱ्याखाली बसले, दादा मुखपट्टी लावून समोरच्या टोकाला बसला, आणि कामठीहून वहिनी मुलांना घेऊन गाडीनेच फाटकाबाहेर आली. गाडीची काच वर होती. पुतण्याने आतून कागदावर काढलेली बाळ येशूची गव्हाण काचेला लावून दाखवली. वहिनीशी बाबा फोनवर पाऊण तास बोलले. (माहेर_नागपूर, तुमचे उपकार आहेत.)

हे सगळे शांतपणे पार पडले असते, पण त्याच दिवशी बाबांना "बघायला" लोक आले. सकाळपासून रात्रीपर्यंत मोजून ३४ माणसे. प्रत्येकाला न्यूमोनिया पहिल्यापासून ऐकायचा होता आणि प्रत्येकाच्या ओळखीत त्याच आजाराने गेलेला एक माणूस होता. रात्री बाबांचा आवाज बसला. आज दिवसभर ते झोपून आहेत.

---

लिंबोळी | २६ डिसेंबर, रात्री ९.३५

चौतीस! मी पिल्लाला विरोध केला होता, तो मागे घेत नाही, पण या चौतिसांपुढे पिल्लू सोज्वळ आहे. आपल्याकडे आजाऱ्याला भेटायला जाणे हे कर्तव्य समजतात आणि चहा घेतल्याशिवाय उठणे हा अपमान समजतात. त्या चौतीस चहांचे आधण कोणी ठेवले, हे मी विचारत नाही.

---

खामल्याचा_डॉक्टर | २६ डिसेंबर, रात्री १०.१०

वैद्यकीय दृष्टीनेही लिंबोळीताई योग्य बोलत आहेत. तुम्ही आजारी मुलाला काचेमागे ठेवले आणि ज्यांच्या घशात काय आहे हे ठाऊक नाही अशी चौतीस माणसे बाबांच्या शेजारी बसवली. माणसांचा हंगामी फ्लू कुत्र्याकडून बाबांना होण्याची शक्यता जवळजवळ नाही. शेजाऱ्यांकडून होण्याची भरपूर आहे.

---

सीताबर्डीचा_किल्लेदार | २६ डिसेंबर, रात्री १०.२५

पण मूळ प्रश्न राहिला. उद्या २७. बाबांना कोणी विचारले का?

---

मोहननगरची_लेक | २६ डिसेंबर, रात्री १०.५०

आत्ता विचारले. आम्ही तिघांनी चार दिवस त्यांच्या उशाशी बसून कुजबुजत चर्चा केली आणि त्यांना ती सगळी ऐकू येत होती. ते म्हणाले, "त्याची गाडी वेळेवर आहे ना? मग मले काहून विचारता, फलाट मोकळा करा."

---

तर्री_पोहे | २६ डिसेंबर, रात्री १०.५२

गार्डाने हिरवा झेंडा दाखवलेला आहे. समितीने आता विसर्जित व्हावे.

---

मोहननगरची_लेक | २ जानेवारी, रात्री ८.३०

पिल्लू २७ ला संध्याकाळी आले. बाबांना ताप आला नाही.

जे झाले ते खरे खरे लिहिते, म्हणजे पुढे कोणी हा धागा वाचून निर्णय घेणार असेल तर त्याची फसवणूक होणार नाही. पहिल्या दोन रात्री ते स्वयंपाकघरात रडले आणि मी त्याच्याजवळ चटई टाकून झोपले. तिसऱ्या दिवशी त्याला जुलाब झाले. पशुवैद्यांनी जागा आणि अन्न एकदम बदलल्याचे कारण सांगितले, आधीच्या बाईंनी दिलेलेच खाणे पुन्हा सुरू केले आणि ते थांबले. आईने एकदा त्याचे कान गरम लागले म्हणून बाबांचा तापमापक काढला होता. पशुवैद्यांनी सांगितले की १०१ ते १०२.५ हे कुत्र्याचे नेहमीचेच तापमान असते, आणि तापमापक बाबांचा व पिल्लाचा वेगळा ठेवावा हे वेगळे सांगावे लागू नये. बाबांची उजवी चप्पल गेली. बंद चपला आणल्याचा उपयोग असा झाला की चप्पल गेली पण अंगठा राहिला. पहाटे पाचला मी उठते. सहापैकी दोन दिवस आई माझ्याआधी उठली आणि कागदाकडे बोट दाखवून तिने मला उठवले.

बाबांची खोली त्याला बंद आहे. दुपारी अंगणात मात्र ते बाबांच्या खुर्चीखाली उन्हात झोपते. त्याचा एक कान उभा राहतो आणि एक अजून पडलेला आहे. बाबांनी पहिल्याच दिवशी पाहून सांगितले, की एक कान थांब म्हणतो आणि दुसरा जा म्हणतो, अशा सिग्नलवर कुठलाही चालक गाडी उभीच ठेवील. म्हणून नाव सिग्नल. मुलांनी कामठीहून सुचवलेली नावे नामंजूर झाली आणि पुतण्या दोन दिवस रुसला. काल तो पूर्ण बरा होऊन, ताप जाऊन आठ दिवस झाल्यावर, घरी आला. आजोबांच्या आधी तो सिग्नलला भेटला. आज सकाळी ते चौघे नाशिकला निघाले, म्हणजे एका घरात त्यांना एक रात्र पहिली आणि एक रात्र शेवटची एवढीच मिळाली. वहिनी गुड फ्रायडेच्या सुट्टीत पुन्हा येणार आहे.

आणखी एक. फाटकावर आईने पाटी लावली आहे : "नवीन कुत्रे आहे. आधी फोन करावा." आठवड्यात बाबांना बघायला सहा जण आले. सिग्नल अनोळखी माणूस दिसला की पलंगाखाली जाऊन बसतो, हे पाटीवर लिहिलेले नाही.

---

लिंबोळी | २ जानेवारी, रात्री ९.०५

पाटीचे छायाचित्र टाका. मला तशीच हवी आहे, कुत्रे नसले तरी.

---

निवृत्त_पशुवैद्य | २ जानेवारी, रात्री ९.२०

दुसरा कान पक्के दात आल्यावर उभा राहील, किंवा राहणार नाही, दोन्ही चालते. पार्व्होची शेवटची मात्रा कधी आहे?

---

मोहननगरची_लेक | २ जानेवारी, रात्री ९.४०

९ जानेवारीला. बाबांची तपासणीही त्याच दिवशी आहे, म्हणून आईने दोघांचे कागद एकाच फाइलीत ठेवले. आज औषधांच्या दुकानात मी घाईत वरचा कागद पुढे केला. दुकानदाराने तो नीट वाचला, माझ्याकडे पाहिले आणि विचारले, "रुग्णाचे वय चार महिने, आणि गोळ्या मधुमेहाच्या?"